‘ते पुढच्या टप्प्यात बघू’: नियोजन आयोगाला एक खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य, नियोजन आयोग,
तसेच नगर परिषदेचे मा. सदस्य,

सविनय नमस्कार.

मागच्या सुनावणीत मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. टेबलावर हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे होते. पिवळा लागला तेव्हा मी नाल्याच्या मुद्द्यापर्यंत पोचले होते, लाल लागला तेव्हा जेमतेम रस्त्याच्या. नियम सगळ्यांना सारखाच होता, त्याबद्दल राग नाही. माझ्या आधी बोलणारे शेजारचे आजोबा तर कागदाचं पान उलटत असतानाच थांबवले गेले. पण आमच्या गल्लीमागच्या, ८४ घरं येऊ घातलेल्या नऊ एकर जमिनीचं पुढच्या पन्नास वर्षांचं भवितव्य तीन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

इंग्रजी निवेदन नकाशांसह तुमच्या फायलीत आहेच. हे मराठीत लिहिण्याचं कारण वेगळं आहे. अमेरिकेतलं आपलं हे उपनगर वाढतंय तशी इथली मराठी घरंही वाढली आहेत, आणि त्यातले बरेच जण सुनावणीला येतच नाहीत. कुणाला रिझोनिंग म्हणजे काय हे विचारायचा संकोच वाटतो, कुणाला ‘आपण बाहेरून आलेले, आपण कशाला बोला’ असं वाटतं. पत्र तुम्हाला आहे, पण ते त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

विषय सगळ्यांना कळावा म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या गल्लीमागे नऊ एकरांचं कुरण आहे. कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरवणारे नियम म्हणजे झोनिंग, आणि ते बदलणं म्हणजे रिझोनिंग. आजच्या झोनिंगप्रमाणे तिथे मोठ्या प्लॉटवर सुटी घरंच बांधता येतात. बिल्डरने ते बदलून ‘प्लॅन्ड डेव्हलपमेंट’, म्हणजे त्या एका प्रकल्पापुरतं वेगळं झोनिंग, मागितलं आहे. त्यात भिंतीला भिंत लागून असलेली, तीन मजली ८४ टाउनहोम्स येणार. आपल्याकडे रो-हाउस म्हणतात, त्यातलाच प्रकार. तुमचा आयोग शिफारस करेल आणि नगर परिषद निर्णय घेईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अशा पत्रांचा इतिहास काही फार चांगला नाही. माझा टाउनहोमना विरोध नाही. सुनावणीत एक गृहस्थ उठून म्हणाले, “तसल्या घरांत कसली माणसं येतात, आपल्याला माहीत आहे.” काही जणांनी माना डोलावल्या. मी त्यांच्याच रांगेत बसले होते, त्यांच्याच बाजूने बोलायला आले होते, आणि मला खुर्चीत बसवेना. या देशात आलो तेव्हा आम्हीही भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिलो. ‘तसली माणसं’ म्हणजे आम्हीच की! १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली, तेव्हा निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतींना चक्क ‘परजीवी’ म्हटलं होतं. झोनिंगच्या आडून कुणाकुणाला गावाबाहेर ठेवलं गेलं, तो सगळा इतिहास इथे उगाळत नाही. ओरेगनसारख्या राज्याने २०१९ साली कायदा करून मोठ्या शहरांत फक्त सुट्या घरांसाठी राखलेल्या भागांतही टाउनहोम्सना वाट करून दिली. मला ते योग्य वाटतं. तरुण जोडप्यांनी, एकट्या शिक्षिकेने, मुलं लांब गेलेल्या म्हाताऱ्यांनी राहायचं कुठे? घरं हवीतच.

माझा आक्षेप आहे तो एका वाक्याला. सुनावणीत पाण्याबद्दल विचारलं, उत्तर आलं, “ते पुढच्या टप्प्यात बघू.” रस्त्याबद्दल विचारलं तरी तेच. अग्निशमनाच्या गाडीबद्दल, झाडांबद्दल, तळ्याच्या देखभालीबद्दलही तेच. मी कागदाच्या कडेला पेनाने रेघा मारत होते. शेवटी मोजल्या, तर सात भरल्या.

हे उत्तर ऐकायला समजूतदार वाटतं. आधी तत्त्वतः मान्यता, मग तपशील, यात वावगं काय? वावगं असं, की झोनिंग बदलणं हा धोरणाचा निर्णय आहे. ‘नाही’ म्हणायचा, ‘हो, पण या अटींवर’ म्हणायचा मोकळा अधिकार तुमच्या हातात असतो तो याच टप्प्यावर. एकदा झोनिंग बदललं, की पुढे येणारा साइट प्लॅन (बांधकामाचा आराखडा) आणि प्लॅट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) नियमांत बसतो की नाही, एवढंच तपासायचं उरतं. बसला, तर तो मंजूर करावाच लागतो. तेव्हा आम्ही कितीही मोठ्याने बोललो, तरी तुम्हीच सांगाल, आता आमच्या हातात काही नाही. आणि ते खरंच असेल. म्हणजे ज्या टप्प्यात बघू म्हणता, त्या टप्प्यात बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

आता पाणी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझं यात घर गुंतलं आहे.

कुरणाचा उतार आमच्या बाजूला आहे. पावसाचं पाणी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका जुन्या कल्व्हर्टमधून, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपातून, नाल्याला जातं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या एका रात्री तो पाइप तुंबला आणि पाणी मागे फिरलं. आमच्या बेसमेंटमध्ये सासूबाईंची खोली आहे. वीज गेली, त्यामुळे बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप बंद पडला. त्यांना वर आणलं, नंतर औषधांचा डबा, मग फोटोंचे अल्बम. तोवर पाणी दाराच्या खालच्या बिजागरीच्या वर दोन बोटं आलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. नंतर रंग दिला तेव्हा तेवढी एक पट्टी मी रंगाऱ्याला सोडायला सांगितली. ती रेघ अजून आहे, कुणीही येऊन बघावी. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं. फेमाच्या, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाच्या केंद्रीय संस्थेच्या, नकाशात आमचं घर पूरक्षेत्रात नाही, म्हणून बँकेने पूरविमा काढायला कधी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं कुरण कुरण असताना झालं.

आता साधा हिशोब करू. नऊ एकरांवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे सव्वानऊ लाख लिटर पाणी होतं. त्यातलं वाहून किती जाणार, हे जमिनीवर काय आहे त्यावर ठरतं. इंजिनिअर लोक त्यासाठी एक गुणांक वापरतात, म्हणजे पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा वाहून जातो तो आकडा. मोकळ्या जमिनीला ०.१० ते ०.३०, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या वस्तीला ०.६० ते ०.७५. आजच्या गुणांकाचा वरचा आकडा धरला आणि वस्तीचा खालचा, म्हणजे बिल्डरला जास्तीत जास्त सवलत दिली, तरी वाहणारं पाणी दुप्पट होतं.

यावर बिल्डरच्या इंजिनिअरचं उत्तर आहे ‘डिटेन्शन पाँड’. पाणी तळ्यात अडवून हळूहळू सोडायचं, आणि बांधकामानंतरची सगळ्यात मोठी धार आजच्या धारेपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. नियम तेवढंच मागतो, आणि त्यांचा आराखडा त्या नियमात बसतो, हे मी मान्य करते. पण धार तेवढीच ठेवली तरी पाणी वाढलेलंच आहे. नळाची धार तीच, फक्त तासभर चालणारा नळ रात्रभर चालू ठेवला, तर बादली वाहणारच. आमच्या नाल्याला वरच्या बाजूच्या दोन वसाहतींचंही पाणी येतं आणि ते उशिरा पोचतं. आज ते येईतो कुरणाचं पाणी निघून गेलेलं असतं. उद्या तळ्याची धार चालू असतानाच ते येईल, आणि दोन्ही त्याच जुन्या पाइपात शिरतील. बिल्डरचा अभ्यास प्लॉटच्या कुंपणापाशी संपतो. कल्व्हर्ट कुंपणाच्या पलीकडे साठ पावलांवर आहे. त्याचा व्यास किती, तो किती गाळाने भरलाय, या अहवालात कुठेही नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी’ तळं पुरेसं आहे, असंही सांगितलं गेलं. हा शब्दप्रयोग ऐकून लोक निर्धास्त होतात, म्हणून त्याचा अर्थ सांगते. दर वर्षी असा पाऊस यायची शक्यता १ टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडून होईपर्यंत तो निदान एकदा यायची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि त्या पावसाचा आकडा ‘नोआ’ या सरकारी हवामान संस्थेच्या ॲटलास १४ मधून, म्हणजे पावसाच्या आकड्यांच्या संचातून, घेतात. तो मागच्या नोंदींवर बेतलेला आहे, पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल असं धरून.

रस्त्याबद्दल थोडक्यात. वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे आयटीईच्या हातपुस्तकाच्या अकराव्या आवृत्तीप्रमाणे जोडघरांच्या वस्तीत दर घरामागे दिवसाला सरासरी ७.२ फेऱ्या होतात. ८४ घरांच्या साधारण ६०५ होतात, त्यातल्या संध्याकाळच्या गर्दीच्या तासात ४८. सुट्या घरांच्या मानाने दर घरामागे हे कमीच आहे. काही शेजाऱ्यांनी याचा जो बाऊ केला, तो मला पटत नाही. मला खटकतं ते दुसरंच. आजच्या रहदारीची मोजणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात केली आहे, शाळा बंद असताना. आमच्या कोपऱ्यावर ऑक्टोबरात सकाळी पावणेआठला शाळेच्या बसमागे किती गाड्या थांबतात, हे तुमच्यातल्या दोघांना तरी नक्की माहीत असेल, कारण त्यांच्या गाड्या मी तिथेच उभ्या पाहिल्या आहेत.

ड्राइव्हवेची गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते. आराखड्यात गॅरेजच्या दारापासून पदपथापर्यंत १८ फूट आहेत. मी शेजाऱ्याला विचारून त्याचा पिकअप ट्रक टेपने मोजला. बंपरपासून बंपरपर्यंत १९ फूट ४ इंच. म्हणजे गॅरेजच्या दाराला नाक टेकवून उभा केला, तरी सोळा इंच पदपथावर येणार. नाक टेकवून कुणी उभा करत नाही, तेव्हा दोन-तीन फूट धरा. पाच फुटी पदपथावरून बाबागाडी किंवा व्हीलचेअर मग रस्त्यावर उतरणार. गॅरेजमध्ये गाडी ठेवावी, हे कागदावर ठीक आहे. आपल्या सगळ्यांच्या गॅरेजमध्ये काय असतं, ते आपण जाणतो: सायकली, खोकी, कुणाचा तरी ट्रेडमिल.

उरलेल्या गाड्या कुठे जाणार? आतल्या खासगी रस्त्यावर. तो २४ फूट रुंद दाखवला आहे. एका कडेला गाड्या लागल्या, की सोळा-सतरा फूट उरतात. इंटरनॅशनल फायर कोडमध्ये अग्निशमनाच्या गाडीसाठी २० फूट मोकळी वाट मागितली आहे. बिल्डर म्हणतो, ‘नो पार्किंग’च्या पाट्या लावू. खासगी रस्त्यावरची पाटी रात्री अकरा वाजता कोण पाळायला लावणार, याचं उत्तर मला मिळालं नाही. त्यात ८४ घरांना आत-बाहेर जायला वाट एकच.

हा रस्ता खासगी का आहे, तेही बघा. सार्वजनिक केला तर तुमच्या मापाने रुंद करावा लागतो, जमीन जाते आणि घरं कमी होतात. म्हणून रस्ता, दिवे, पाइप आणि ते तळं, सगळं घरमालकांच्या संघटनेच्या, एचओएच्या, गळ्यात जाणार. मालमत्ता कर तिथली माणसं आमच्यासारखाच भरतील, पण त्यांच्या रस्त्यावरचा खड्डा बुजवायला नगराची गाडी जाणार नाही. डिटेन्शनच्या तळ्यात गाळ साचतो, काही वर्षांनी तो उपसावा लागतो, आणि ते काम स्वस्त नसतं. तोवर बिल्डर शेवटचं घर विकून निघून गेलेला असेल. संघटनेकडे पैसे नसले तर तळं भरेल, आणि पाणी पुन्हा आमच्याकडे येईल. आयुष्यातलं पहिलं घर घेतलेली ती माणसं आणि आम्ही मग एकमेकांवर वकील घालत बसू. हे भांडण तुम्ही आजच मिटवू शकता.

ओकची तीन जुनी झाडं राखली जातील, असं आराखडा म्हणतो. खोडाच्या दर इंच व्यासामागे एक फूट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी सोडावं, असा या कामातला ढोबळ नियम आहे. मधल्या झाडाचं खोड तीस इंचांचं आहे. नकाशात त्याचं कुंपण खोडापासून आठ फुटांवर काढलंय. बुलडोझरने दाबलेल्या मातीत ते झाड दोन-चार वर्षांत वाळेल, आणि त्याला कुणी तोडलं असं म्हणता येणार नाही.

शाळांवरचा ताण, घरांच्या किमती, ‘गावाचं रूप’ हे मुद्दे मी मुद्दाम घेत नाही. टाउनहोममध्ये सुट्या घरांपेक्षा दर घरामागे मुलं सहसा कमीच असतात. आणि माझ्या घराची किंमत वाढती ठेवणं हे तुमचं काम नाही.

सूचनेबद्दल मात्र बोलायला हवं. ठरावीक अंतरातल्या मालकांना पोस्टकार्ड गेलं. त्याच अंतरात, नाल्याच्या पलीकडे भाडेकरूंच्या दोन इमारती आहेत. तळमजल्यावर पाणी शिरलं तर पहिलं नुकसान त्यांचं. त्यांना कार्ड नाही, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही. कुरणाच्या कडेला लावलेली पाटी गवतात अर्धी बुडाली होती. मी ती वाचायला गाडी थांबवली, तर मागच्याने हॉर्न वाजवला. दोनशे पानांची कागदपत्रं वेबसाइटवर आली शुक्रवारी संध्याकाळी, आणि सुनावणी मंगळवारी.

आणि एक शब्द. बिल्डरच्या सादरीकरणात ‘परवडणारी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. अर्जात तो एकदाही नाही. किती घरं, कोणत्या उत्पन्नाच्या कुटुंबांना, किती वर्षं परवडणारी, हे लिहून द्या, मी स्वतः येऊन पाठिंब्याचं बोलेन. लिहून द्यायचं नसेल तर तो शब्द भिंतीवरच्या पडद्यावरूनही काढा.

आमच्या मागण्या सांगते. गल्लीतल्या ३१ घरांनी बसून त्या ठरवल्या आहेत, सगळ्यांचं सगळ्यावर एकमत नव्हतं, पण यांवर झालं.

कल्व्हर्ट आणि त्याखालचा नाला धरून पाण्याचा अभ्यास होईपर्यंत शिफारस पुढे ढकला. तो अभ्यास बिल्डरच्या खर्चाने, पण नगराने नेमलेल्या इंजिनिअरकडून व्हावा. त्यात वाहून जाणाऱ्या एकूण पाण्याचाही हिशोब असावा, केवळ धारेचा नको. पाइप मोठा करावा लागणार असेल, तर पहिल्या घराचा परवाना देण्याआधी तो झाला पाहिजे.

रहदारीची मोजणी शाळा चालू असताना, मंगळवार ते गुरुवारातल्या दिवशी पुन्हा करा.

ड्राइव्हवे किमान २० फूट, पाहुण्यांच्या गाड्यांना वेगळी जागा, गाड्या उभ्या असतानाही २० फूट मोकळा राहील असा रस्ता, आणि दुसरी वाट. यात काही घरं कमी होतील. आमच्या अंदाजाने दहा-बारा. म्हणजे सत्तरच्या वर घरं तरीही होतात, हे लक्षात घ्या.

तळ्याच्या देखभालीसाठी बिल्डरने संघटनेच्या हाती कारभार देण्याआधी निधी ठेवावा, आणि संघटनेने काम केलं नाही तर नगराला ते करून खर्च वसूल करता येईल असा करार नोंदवावा. झाडांची कुंपणं मुळांच्या मापाने घाला.

भाडेकरूंनाही सूचना पाठवा. कागदपत्रं सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी द्या.

आणि हे सगळं झोनिंग बदलण्याच्या अध्यादेशातच, अटी म्हणून, लिहा. पत्रातलं आश्वासन नको, सुनावणीतलं तोंडी ‘हो’ नको. प्लॅन्ड डेव्हलपमेंटचा अर्ज बिल्डरने स्वतःहून केला आहे. त्या प्रकारात अशा अटी घालता येतात, म्हणूनच तो प्रकार आहे.

या अटी मान्य झाल्या, तर आमच्यातले बहुतेक जण पुढच्या सुनावणीत प्रकल्पाच्या बाजूने बोलतील. मी तर नक्कीच. ‘तसली माणसं’ म्हणणाऱ्या गृहस्थांना उत्तर द्यायला मला माझी तीन मिनिटं तेव्हा वापरायची आहेत.

मतदानाआधी कल्व्हर्ट बघायला या. शनिवारी सकाळी दहाला आमच्यापैकी कुणी ना कुणी गल्लीच्या टोकाला असेल. गाडी वर रस्त्यावरच लावा आणि रबरी बूट घालून या. गेल्या आठवड्यात पाऊस नव्हता, तरी गवतात अजून घोटाभर पाणी आहे.

आपली,
कुरणाला लागून असलेल्या गल्लीतली एक रहिवासी